आम्ही अजून हवेतच होतो

भूतखेत, चकवा वगैरे मी कधीच मानलं नाही. मस्कतच्या एका इंडियन स्कूलमध्ये फिजिक्स शिकवायचे मी. मुलांनी असलं काही विचारलं की हसून सोडून द्यायचे. तरी हे लिहितेय... कारण यातला माणूस चांगल्या ओळखीचा होता, आणि त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही मस्कतजवळ सीबला राहायचो. माझे मिस्टर – दिलीप – यांच्या ऑफिसात मार्टिन नावाचा इंग्रज इंजिनीअर होता. त्याला हॉट एअर बलूनचा नाद. रुब अल खाली, म्हणजे चिटपाखरूही नसलेलं ते अफाट वाळवंट, त्याच्या कडेकडेने एकदा उडायचं असं त्याचं फार दिवस चाललं होतं. दिलीप लगेच तयार झाला, मग मीही निघाले. खालून जीप घेऊन मागे यायला इस्माईलभाई होते. कंपनीचे ड्रायव्हर, मूळचे दापोलीकडचे.

इब्री गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून उजाडता उजाडता आम्ही वर गेलो. सुरुवातीला छानच वाटलं. मग वारा फिरला आणि आम्हाला आत, वाळवंटाकडे ओढायला लागला. जीप ठिपक्याएवढी झाली, मग टेकड्यांमागे दिसेनाशीच झाली. मार्टिन सारखा सिलिंडरचा काटा बघत होता.

"इथे उतारावर उतरलो तर बास्केट उलटेल," तो म्हणाला. "सपाट जागा मिळेपर्यंत गॅस पुरायला हवा."

दिलीपने माझा हात धरला.

तेवढ्यात माझ्याकडचा, जीपशी बोलायचा रेडिओ खरखरला. "वहिनी, दिसलाव एकदाचे. बरोबर उतरलाव ना?"

"इस्माईलभाई, आम्ही वरच आहोत अजून."

"मस्करी नको वहिनी. मी टोपलीजवळच उभा हाय. तुम्ही तिघं आत बसलाव, पाठ करून... बोलत का नाय?"

मी मार्टिनला सांगितलं. त्याने माझ्या हातून रेडिओ ओढून घेतला. "इस्माईल, गो बॅक टु द कार. नाऊ."

उत्तर आलं ते अगदी हळू आवाजात. "वहिनी... तुम्ही मान वळवताय..."

बटण त्यांच्या हातात दाबलेलंच राहिलं असावं. वाळूवरून वाहणारा वारा ऐकू येत होता. आणि मग बलूनमध्ये गरम हवा भरणाऱ्या बर्नरचा आवाज आला, तो मोठा, घशातून काढल्यासारखा. आमचा बर्नर त्या क्षणी बंद होता.

पुढे आम्ही उतरलो नाही, आपटलोच. बास्केट फरफटत गेली, दिलीपचं मनगट मोडलं. ऊन चढलं, पाणी संपत आलं, आणि जीप आली तेव्हा मी रडायच्या बेतात होते. पण इस्माईलभाई लांबच थांबले. काच खाली करून म्हणाले, "वहिनी, कायतरी बोला."

मी त्यांच्या मुलीचं नाव घेतलं, तिची परीक्षा कशी गेली विचारलं. तेव्हा कुठे त्यांनी दार उघडलं. गाडीतला मागचं दाखवणारा आरसा त्यांनी छताकडे फिरवून ठेवला होता.

मार्टिनच्या हट्टाने आम्ही जीपच्या सकाळच्या चाकांच्या खुणांवरून परत गेलो. एका ठिकाणी इस्माईलभाईंची पावलं चालत गेलेली होती आणि धावत परतलेली. पावलं थांबली होती त्याच्या पुढ्यात वाळूत बास्केटच्या आकाराचा खोल चौकोनी ठसा. फरफटल्याची खूण नाही, दुसऱ्या कुणाचं पाऊल नाही. इस्माईलभाई गाडीतून उतरले नाहीत.

महिन्याभरात नोकरी सोडून ते गावी गेले. टोपलीतल्या त्या तिघांनी मान वळवली तेव्हा काय दिसलं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दिलीप म्हणतो मृगजळ. मृगजळाचा ठसा उमटत नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं... पण मग काय होतं ते, हे मलाही सांगता येत नाही.

ईदला मी फोन करते. घरच्यांची चौकशी झाली की ते दरवेळी विचारतात, "वहिनी, त्या दिवशी मी गाडीतनं घेऊन आलो, ती तुम्हीच ना?"

मी हो म्हणते. मग ते फोन ठेवतात.