थांब म्हणणारे दोघे

लहानपणापासून तिचा कान फुटायचा, छाती भरायची, हातांवर चामखिळी उगवायच्या. घरच्यांनी तिचं आजारपण पाहुण्यासारखं नव्हे, भाडेकरूसारखं मान्य करून टाकलं होतं. तरी वडिलांमागे कुलूप-चाव्यांचं दुकान तिनेच चालवलं आणि अख्ख्या गल्लीची किल्लीवाली झाली.

चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी कारण शोधलं. पांढऱ्या पेशी तिच्याही हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होत होत्या. तिथला एक रेणू त्यांना थांबायचा इशारा देत असतो. इतरांच्या पेशी काही काळ तो पाळतात आणि मग रक्तात उतरतात. हिच्या पेशी मात्र तो सोडायलाच तयार नव्हत्या. रोगाशी लढायला बाहेर पडायच्या त्या मोजक्याच. ही पकड सैल करणारं औषध आहे, गुण किती येतो ते घेतल्यावरच कळेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

मोठ्या भावाने यातून एकच अर्थ काढला: दुकान बंद. गिऱ्हाईक शिंकणार आणि ही अंथरूण धरणार. माणूस वाईट नव्हता. मागच्या न्यूमोनियात उशाशी तोच बसला होता. पण ती ऐकेना, तेव्हा त्याने दुकानाच्या शटरला नवं जाडजूड कुलूप ठोकलं आणि चावी खिशात घातली.

सकाळी ते पाहून शेजारचा शिंपी म्हणाला, दादाने तुला कुलपाचं घरचंच काम दिलंय की. ती शटरपाशी गेली. उकिडवी बसली, पिशवीतून दोन तारा काढल्या आणि कुलूप उघडलं. तेवढ्यात भाऊ पोचला.

“तुला मरायचंय का?”

“नाही. औषध घेणार, मास्क लावणार, शिंकणाऱ्याला पायरीखाली उभं करणार. घरी मात्र बसणार नाही. आतून मगज म्हणतो थांब, बाहेरून तू म्हणतोस थांब. मगजावर औषध निघालंय, दादा. तुझ्यावर काय देऊ?”

शिंप्याने हसू दाबलं. भावाचा चेहरा पडला.

शटर जड होतं. गुडघ्यापर्यंत उचललं आणि तिला धाप लागली. ती दम खात उभी राहिली, पण शटरवरचा हात काढला नाही.

“बघतोस काय? तिकडून धर.”

त्याने खिशातली चावी एकदा चाचपली. मग वाकून दुसरी बाजू धरली.