बाई जेवायला येणार आहेत

आमच्या शाळेत छडी होती, अंगठे धरून उभं राहणं होतं, मैदानाला पाच चकरा होत्या आणि हेडसरांची थापड होती. या सगळ्याला आम्ही सरावलो होतो. घाबरायचो ते एकाच शिक्षेला. विज्ञानाच्या बाई हजेरीपट मिटायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "येत्या रविवारी तुझ्या घरी जेवायला येते." हे वाक्य ज्याच्या वाट्याला यायचं, त्याला आठवडाभर अन्न गोड लागत नसे.

शाळा आमच्या गावात होती. बाई राहायच्या राजूरला, गणपतीच्या देवळामागं भाड्याच्या खोलीत, आणि काळ्या-पिवळ्या जीपनं ये-जा करायच्या. एकट्याच होत्या. गाव त्यांना 'पाहुण्या बाई' म्हणायचं. हे नाव बाईंच्या कानावर गेलं होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. "पाहुण्याला निदान ताट तरी मिळतं," म्हणायच्या.

पालकांना शाळेत बोलावणं त्यांना बिलकुल मंजूर नव्हतं. "शाळेत येणारा बाप धुतलेला सदरा घालून येतो आन् माझ्यासमोर पोराच्या कानाखाली काढतो. मला त्यातून काय कळणार?" म्हणून त्याच जायच्या. गेल्या की सांगायच्या, "सणाचं काही करू नका. रोजचंच वाढा. आन् मी न्हाईच असं समजून चालू द्या." भरल्या अंगाची बाई चुलीसमोर पाट टाकून बसलेली असताना ती नाहीच असं समजणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. एका हुशार घरानं 'आमच्याकडं रविवारी उपास असतो' असं कळवून पाहिलं. बाई गेल्या आणि पोटभर साबुदाणा खाऊन आल्या.

त्यांच्या जेवणाचा एक हिशेब पोरांनी शोधून काढला होता. एका भाकरीवर उठल्या तर प्रकरण साधं. दुसरी मागितली तर समजायचं, या घरात अजून काहीतरी बघायचं राह्यलंय. मधल्या सुट्टीत विचारणा व्हायची, "कितीवर उठल्या रे?" 'एक' म्हणणारा छाती काढून चालायचा. वर्गात वांड पोरं जास्त निघाली त्या वर्षी बाईंचं वजन वाढायचं.

आमच्या वर्गातला बबन फार शिव्या द्यायचा. माणसांना तर द्यायचाच, पण खडू मोडला तर खडूलाही. बाई त्याच्या घरी गेल्या. जेवण होईपर्यंत बबनच्या आजोबांनी बैलाला, तांब्याला आणि सुनेला शिव्या दिल्या. शेवटी बाईंनाही एक देऊन प्रेमानं म्हणाले, "लाजू नको, खाय!" सोमवारी बाई वर्गात म्हणाल्या, "बबननं शिव्या दिल्या न्हाईत. घरी बोलतात तसा तो बोलला. शाळेत कसं बोलतात ते त्याला शिकवायला पाहिजे." मग म्हणाल्या, "पण शाळेत तर त्याला आम्ही सगळे गाढव म्हणतो. तेव्हा आधी आम्हीच शिकतो." वऱ्हांड्यातून चाललेले पीटीचे सर हे ऐकून भराभर पुढं निघून गेले.

आता माझं सांगते. नववीत मी चोरी केली नाही, कॉपी केली नाही. मी दोन मास्तरांची मारामारी लावली.

हे कसब मी घरी शिकले होते. दादा, म्हणजे माझे वडील, आणि काका यांच्या वाटण्या झाल्या, अंगणाच्या मधून भिंत आली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. भिंत छातीएवढीच. दोघं दोन बाजूंना उभे राहिले तर एकमेकांची टोपी, तोंड, मिशा सगळं दिसायचं. बोअर मात्र दोघांत एक. मोटारीचं बटन काकांच्या ओसरीत आणि हौद आमच्या अंगणात. पंचांनी ही वाटणी कोणत्या अकलेनं केली ते पंचांनाच ठाऊक. रोज कुणीतरी 'मोटार चालू करा' आणि 'मोटार बंद करा' सांगणं भाग होतं. ते काम तिसरीत असल्यापासून माझ्याकडं आलं. दादा भिंतीपाशी उभे राहून काकांकडं बघत मला म्हणायचे, "त्याला सांग, मोटार लाव म्हणावं." ते काकांना ऐकू जायचंच. तरी मी एका फाटकातून बाहेर पडून दुसऱ्या फाटकातून आत जाऊन सांगेपर्यंत काका हलायचे नाहीत.

निरोप मी जसाच्या तसा क्वचितच दिला. आधी गोड करून द्यायची. मोठी झाले तसं लक्षात आलं की गोड निरोपाला कुणी विचारत नाही. दादा एरवी माझ्याशी बोलत नसत. कितवीत आहे हेही त्यांना आईला विचारावं लागे. पण मी तिकडून तिखट निरोप आणला की बाजेवर जवळ बसवून घ्यायचे. "अजून काय म्हणला? बराबर सांग." मग मी सांगायची. नसलेलंही सांगायची. मला त्या बाजेवर बसायला फार आवडायचं.

शाळेतही मी नशीब काढलं होतं. शिक्षकांच्या खोलीत पंखा एक आणि त्याच्याखाली खुर्ची एक. त्या खुर्चीवरून गणिताचे सर आणि पीटीचे सर दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायची गरज पडली की हाक यायची, "वैशालीला बोलवा रे, ती निरोप नीट देते." हे काम मला परकं वाटलंच नाही.

पुढं तपासणी आली. साहेब हेडसरांच्या खोलीत चहा घेत होते. गणिताच्या सरांनी निरोप दिला, "मैदानावरचा आवाज जरा कमी करायला सांग." मी पीटीच्या सरांना सांगितलं, "ते म्हणतात, तुमच्या शिट्टीपेक्षा गाढव बरं." पीटीचे सर लाल झाले, पण साहेब आलेत म्हणून एवढंच म्हणाले, "थोडं थांबायला सांग." मी जाऊन सांगितलं, "ते म्हणतात, त्यांना सातचा पाढा तरी येतो का विचार." तिसऱ्या फेरीला दोघांनी वऱ्हांड्यात एकमेकांची गचांडी धरली. साहेब हातात नारळ घेऊन बाहेर आले आणि हा कार्यक्रमाचाच भाग आहे का, असं त्यांनी हेडसरांना विचारलं.

चौकशी झाली. आपण असलं काही बोललोच नव्हतो, हे दोन्ही सरांना समजलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं, ते माझ्याबद्दल. हेडसर म्हणाले, "सोमवारी दाखला हातात. वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहिणार." घरी कळल्यावर दादा आईला म्हणाले, "मंग बरंच झालं. सोयरीक बघू." काकांची मोठी पोरगी अशीच आठवीतून घरी बसली होती आणि त्या वेळी धावड्याला सासरी भाकरी थापत होती. मला शाळा फार आवडायची अशातला भाग नाही, पण मला तिच्यासारखं जायचं नव्हतं.

शनिवारी बाईंनी मला थांबवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

रविवारी त्या आल्या. आईनं भाकरी, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरच्या वाढल्या. मला त्यांच्याशेजारी बसवलं. दादा बाहेर ओसरीत, काका भिंतीपलीकडं. अंगणात नवी तूर वाळत घातली होती. मी पहिला घास घेतला आणि हाक आली, "वैशे, त्याला सांग, मोटार लाव म्हणावं." गेले, आले. काकांचा निरोप होता, टिकाव पाहिजे. गेले. दादांचा उलटा निरोप, आधी आमचा खोऱ्या दे. गेले. बाईंची एक भाकरी होईतोवर मी चार वेळा ताटावरून उठले. त्यांच्या ताटाच्या कडेला मिरचीचे चार देठ ओळीनं मांडलेले होते. मला वाटलं, बाईंना तिखट फार लागतं.

"ताई, अजून एक वाढा," बाई म्हणाल्या. आईचा चेहरा पडला.

तेवढ्यात पाचवी हाक आली, "वैशे, हौद भरला. मोटार बंद करायला सांग."

मी उठायला लागले तर बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस. जेवताना उठू नये."

"बाई, हौद..."

"भरू दे."

आई उठू लागली. "तुम्हीपण बसा ताई. मला भाजी वाढा."

दादांनी अजून एक हाक मारली. मग खाकरले. पलीकडून काकाही खाकरले. पाणी हौदाच्या काठावरून सांडायला लागलं. दादा मोठ्यानं म्हशीला म्हणाले, "काय गं, मोटार चालूच ठेवून राह्यले का लोकं?" काका आपल्या कुत्र्याला म्हणाले, "आम्हाला कुणी बंद कर म्हणलंच न्हाई." बाई शांतपणे मिरची मोडत होत्या. पाण्याचा ओहोळ अंगणातून निघाला, चपलांना वळसा घालून तुरीत शिरला, आणि मग दादांचा आवाज असा फुटला की शेजारची माणसं दारात आली.

"अरे येड्या, मोटार बंद कर ना! तूर चालली!"

"करतो ना! बहिरा हाय का मी!"

सहा वर्षांतलं हे त्यांचं पहिलं बोलणं. मग काकांनी बटन बंद केलं, भिंतीवरून टांग टाकून आले आणि दोघं पाटीनं तूर उपसायला लागले. गळाभेट वगैरे काही झाली नाही. जाताना काका म्हणाले, "अर्धी तूर गेली." दादा म्हणाले, "पाव." पुढचा आठवडाभर ते अर्धी की पाव यावरून भांडले, पण आपापल्या तोंडानं. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी मधे न उठता आख्खी भाकर खाल्ली. बाईंनी तीन खाल्ल्या.

हात धुताना त्या म्हणाल्या, "तू खोटारडी हायस."

"हो बाई."

"उद्या दोन्ही सरांपुढं उभी राहा. ते खरं काय म्हणाले होते ते शब्दाला शब्द सांगायचं. जास्त न्हाई, कमी न्हाई."

सोमवारी सांगितलं. 'आवाज जरा कमी करा' आणि 'थोडं थांबा', एवढंच होतं ते. इतक्या साध्या बोलण्यावर आपण एकमेकांची गचांडी धरली, याचं दोन्ही सरांना फार वाईट वाटलेलं दिसलं. मग बाई हेडसरांच्या खोलीत गेल्या आणि मी दाराबाहेर उभी राहून कान लावला.

"द्या सर तिला दाखला," बाई म्हणत होत्या. "पण ही नोकरी तिला घरच्यांनी आन् आपण लावली. घरी निरोप, शाळेत निरोप. पोरगी दुसरं काय शिकंल? तेव्हा त्या दोन सरांचेही दाखले काढा. आन् रोज हे बघत बसलेल्यांचेही."

"बाई, तुम्ही मला शिकवू नका," हेडसर म्हणाले.

"बरं." दाराच्या फटीतून मला बाईंचा हात चष्म्याकडं जाताना दिसला. "मंग येत्या रविवारी तुमच्या घरी जेवायला येते."

हेडसरांनी दाखला टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला. हेडसरांच्या घरी काय होतं, ते गावाला आजतागायत कळलेलं नाही. मला दाखला मिळाला तो दहावी झाल्यावर. वर्तणूक: चांगली. सगळ्यांनाच 'चांगली' लिहितात, तरी मी तो रकाना तीनदा वाचला.

आता मी परतूरकडच्या एका शाळेत शिकवते. माझ्याही वर्गात वांड पोरं आहेत आणि मीही त्यांच्या घरी जेवायला जाते. पालक म्हणतात, "मॅडम, आधी मेसेज टाकत जा ना, पनीर आणून ठेवतो." परवा एका घरी नवरा-बायको दोन खोल्यांत बसून एकमेकांना मोबाइलवर निरोप पाठवत होते. पोराला कुणी उठवत नव्हतं, आणि त्याच्याकडं कुणी बघतही नव्हतं. मी दुसरी भाकरी मागितली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत जालन्याला गेले आणि बाईंचं घर शोधलं. निवृत्त होऊन त्या तिथंच एका खोलीत राहतात. रविवार होता. दार उघडल्यावर म्हटलं, "बाई, जेवायला आले."

"फोन न करता?"

"तुम्ही कुठं करायच्या?"

हसल्या. वाळल्या होत्या फार. मांडणीत ताटं दोन होती, त्यातल्या एकावर धूळ होती. ते पुसून मला वाढलं. भाकरी, वरण, लोणचं. जेवता जेवता मी विचारलं, "बाई, घरी जेवायला जायची शिक्षा तुम्हाला सुचली तरी कशी?"

"कसली शिक्षा?" बाई म्हणाल्या. "राजूरच्या खानावळीला रविवारी सुट्टी असायची. मला तेव्हा भाकर येत नव्हती. पहिला रविवार पाणी पिऊन काढला. दुसऱ्या रविवारी वर्गातलं एक वांड पोरगं आठवलं." मग माझ्या ताटाकडं बघून म्हणाल्या, "भाकर मी तुमच्या आयांच्या चुलीसमोर बसून शिकले. तुझ्या आईसारखी हलकी होत न्हाई अजून."

मला आधी हसू आलं. इतकं आलं की ठसका लागला. मग एकदम सुचलं, की ज्या आठवड्यात आम्ही सगळी पोरं शहाण्यासारखी वागायचो, त्या रविवारी बाई उपाशी राहत असणार. त्यांच्या घरी कोण होतं, कोण नव्हतं, त्या एकट्या का, हे आम्ही त्यांना कधीच विचारलं नव्हतं. गावातल्या घराघरात त्या जेवून आल्या होत्या, त्यांच्याकडं जेवायला कुणीच गेलं नव्हतं.

भाकरी संपली. बाईंनी हात धुवायला तांब्या पुढं केला.

"बाई, अजून एक वाढा," मी म्हटलं.

त्यांचा हात तिथंच थांबला. "एकीत भागलं न्हाई?"

"न्हाई."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. पिठाचा डबा काढला, परातीत पीठ घेतलं, पाण्याचा हबका मारला.

"मंग बस निवांत," म्हणाल्या. "वेळ लागंल."