शपथकर्तीस मी व्यक्तिशः ओळखते

सरांच्या ऑफिसातल्या मुलीने आधी खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मग आईला म्हणाली, "बसा."

आई मार्केट यार्डातून थेट आली होती. पहाटेपासून कोथिंबिरीच्या जुड्या बांधून साडी गुडघ्यापर्यंत ओली. नखांत माती. ती त्या वर्तमानपत्रावर बसली नाही, भिंतीशी उभी राहिली. मी समोरच्याच टेबलावर होते. गळ्यात वकिलाचे पांढरे बँड, काळा कोट, पुढ्यात कॉम्प्युटर. मी तिच्याकडे बघितलं नाही.

सर आतून आले. प्रतिज्ञापत्र हातात घेतलं, आईकडे एक नजर टाकली आणि मला म्हणाले, "तुमच्याकडचीच ना ही? आडनावही तेच दिसतंय."

मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे म्हणाले, "तुमच्याकडे अर्ध्या वस्तीचं एकच आडनाव असतं म्हणा. चल, ओळख तूच पटव."

प्रतिज्ञापत्राच्या तळाशी वकिलाची एक सही लागते. शपथ घेणारी बाई तीच आहे, दुसरी कोणी नाही, याची खात्री वकिलाने द्यायची. वर छापलेलंच असतं: शपथकर्तीस मी व्यक्तिशः ओळखते.

"हो सर. ओळखते," मी म्हणाले.

एवढंच. आई आहे माझी, हे तीन शब्द मी उच्चारले नाहीत. लाज वाटली. तिच्या ओल्या साडीची लाज वाटली, हे आज लिहिताना हात जड होतोय, पण खोटं लिहून काय मिळणार.

आईने पेन मागितलं. मी दहावीत असताना तिला सही शिकवली होती, जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर. तीन महिने लागले होते. ती पेन उघडते न उघडते तोच सर म्हणाले, "सही नको, अंगठा घ्या. अंगठ्याचा इम्पॅक्ट वेगळा असतो."

मुलीने शाईचं पॅड सरकवलं. आईने माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्डकडे. मग तिने मुकाट अंगठा दिला, पदराला पुसला आणि दाराशी जाऊन वळली.

"येते मॅडम," ती मला म्हणाली.

तिला कोणी शिकवलं नव्हतं. लेकीने ओळख दिली नाही, हे तिने दोन मिनिटांत ओळखलं आणि लेकीचं झाकून नेलं. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

सर म्हणजे शहरातलं मोठं नाव. नगररचना आणि पर्यावरण, या दोन कायद्यांत त्यांचा हात धरणारा नाशिकमध्ये कोणी नाही. गंगापूर रोडला ऑफिस. भिंतीवर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या आजोबांचा फोटो, रोज ताजा हार. आमच्या गल्लीत कुठल्याही वकिलाला बालिष्टर म्हणतात. मला वकिलीची सनद मिळाली तेव्हा शेजारची शेवंतामावशी पेढा तोंडात कोंबून म्हणाली होती, "आमची बालिष्टर झाली गं बया." सरांनी मला ज्युनिअर म्हणून घेतलं तेव्हा मलाही वाटलं, झाले बालिष्टर. लॉ कॉलेजात त्यांचं एक भाषण ऐकलं होतं. नदी कुणाच्या बापाची नसते, ती सगळ्यांची असते, असं म्हणाले होते. मी टाळ्या वाजवल्या होत्या. ते वाक्य मला अजूनही खरं वाटतं, माझी पंचाईत तिथेच आहे.

आमची जात सरांनी कधी विचारली नाही. गरजच नव्हती, पत्ता सांगितला की भागतं.

केस अशी होती. पुराचं पाणी जिथवर नेहमी येतं तिथवर नकाशावर निळी रेषा मारतात. तिच्या आत बांधकाम करायचं नाही, असा नियम. गोदावरीकाठी, आमच्या भाषेत गंगेकाठी, त्या रेषेच्या आत आमची वस्ती होती, पत्र्याची आणि विटांची घरं. वरच्या अंगाला लग्नाची लॉन्स होती, एक बंगल्यांची स्कीमही होती. सरांच्या याचिकेत सगळंच हटवा असं होतं. पण रेषा नेमकी कुठून जाते यावर भांडण होतं. पाणी डोळ्यांनी बघितलेली माणसं हवी होती.

ती मी दिली. कोणी मागायच्या आधी दिली. सरांना म्हटलं, "गंगेला पूर आला की शहर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवर मोजतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, बघायला गर्दी. आम्ही घरातल्या मांडणीवर मोजतो. पहिल्या फळीला पाणी लागलं की पोरं बाहेर, दुसऱ्या फळीला लागलं की पिठाचा डबा बाहेर."

सरांचे डोळे चमकले. "बाळ, हे सोनं आहे. असं सांगणारी एखादी बाई आण."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं काही लिहून घेतलं होतं.

आई भाकरी थापत होती तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "पानी येतं ते खरंच हाय. पन हे सांगून काय व्हईल?"

"पाणी येतं हे कोर्टाला पटलं तर आपल्याला दुसरीकडे पक्कं घर द्यावं लागेल," मी म्हणाले.

"लिहून देतील?"

"मी लिहिलंय याचिकेत. घर दिल्याबिगर कुणाला हलवायचं नाही."

लिहिलं होतंच. शेवटच्या पानावर, कोर्टाकडे करायच्या मागण्यांमध्ये, चौथी मागणी. माझी स्वतःची. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग देते की."

याचिका दाखल करायच्या दिवशी सकाळी सरांनी पेन्सिलीने ती चौथी मागणी खोडली. "पुनर्वसन आलं की केस दहा वर्षं लांबते. आपला विषय पाणी आहे, घरं नाहीत. हे पान परत टाईप कर."

आईचा अंगठा तोवर लागून गेला होता. मी म्हणू शकत होते, सर, मग ते प्रतिज्ञापत्र काढा. मी म्हणाले, "हो सर." आणि पान परत टाईप केलं. कोणी माझा हात धरला नव्हता, कोणी ओरडलंही नव्हतं. याला काय म्हणायचं ते म्हणा, मी त्याला नाव ठेवायचं टाळलंय बरेच दिवस.

पुण्याला हरित न्यायाधिकरणात सुनावणी. मी सरांच्या मागच्या खुर्चीत फाइल धरून. लॉन्सवाल्यांचे आणि बंगलेवाल्यांचे वकील मोठे होते. दुपारच्या सुट्टीत सगळे एकत्र चहा प्यायले. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारणारी माणसं. परत आल्यावर सर उभे राहिले. आधी त्यांनी आईचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं, फळीसकट, पिठाच्या डब्यासकट. छान वाचलं. मग म्हणाले, "पहिल्या टप्प्यात कच्ची बांधकामं हटवावीत. दुसऱ्या टप्प्यात सर्वेक्षण करून पक्की. आमची हरकत नाही."

आमची म्हणजे कुणाची? मी मागे बसले होते. मला कायदा येत होता, तोंड होतं, अंगावर त्यांच्यासारखाच कोट होता. पण वकीलपत्रात मी त्यांची ज्युनिअर. ज्युनिअरने सिनिअरच्या विरोधात उठून बोलायचं नसतं. मी पुढच्या तारखेची नोंद केली.

हुकूम झाला. घरं पाडायला माणसं आली तेव्हा मी वस्तीत होते. कायदा शिकल्याचा मला एकच उपयोग झाला. आता काही करता येणार नाही, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. बायका मला म्हणत होत्या, "तू सांग ना त्यांना, तुला येतं ना सगळं." मी कागद पुन्हा पुन्हा वाचत होते, जसं काही वाचता वाचता त्यात वेगळं काही निघणार होतं.

एका बाईने फारच हुज्जत घातली तेव्हा त्या पथकातला एक माणूस वैतागून म्हणाला, "अहो, तुमच्याच इथल्या बाईने लिहून दिलंय, पाणी भरतं म्हणून." आणि त्याने नाव वाचलं.

सगळ्या माना आईकडे वळल्या. शेवंतामावशी पुढे आली. तीस वर्षांपासूनची शेजारीण, माझ्या वेळी आईचं बाळंतपण केलेली बाई.

"तूच दिलं का गं लिहून?"

"व्हय," आई म्हणाली. "अंगठा माझाच हाय."

कागद कोणी आणला, कोणी समजावून सांगितला, घर मिळेल असं कोणी म्हटलं, यातलं ती एक अक्षर बोलली नाही. मी तिच्या शेजारी हातभर अंतरावर उभी होते. या वेळी साडी कोरडी होती आणि मला लाज तिची वाटत नव्हती. तरी मी गप्पच. मावशी आईच्या पायाशी थुंकली आणि स्वतःची भांडी उचलायला गेली. मांडणी आम्ही काढू शकलो नाही, ती भिंतीत ठोकलेली होती.

आता आम्ही नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत राहतो. आई पहिल्या बसने यार्डात जाते. जुनी माणसं तिथे भेटतात, पण तिच्या शेजारी जुड्या बांधायला बसत नाहीत. घरी आली की ती मला काही सांगत नाही, जेवायला वाढते. ती एकदा तरी मला शिव्या देईल याची मी वाट बघतेय. देत नाही.

दुसऱ्या टप्प्याचं सर्वेक्षण झालं नाही. सरांचा सत्कार झाला. नदीकाठच्या एका लॉन्सवर झाला, गवत मऊ, प्रत्येकाला तुळशीचं रोप. नकाशा मी इतक्यांदा बघितलाय की चालता चालता कळतं. स्टेज निळ्या रेषेच्या चांगलं आत होतं. मी रोपं वाटत होते.

मग मागच्या महिन्यात सरांनी नवी फाइल टेबलावर ठेवली. दुसरी नदी, दुसरी वस्ती.

"फॉर्मॅट तोच ठेव, नावं बदल. आणि तशीच एखादी बाई शोध. त्या बाईने केस जिंकून दिली आपल्याला."

"सर, ती माझी आई आहे," मी म्हणाले.

किती उशिरा निघाले ते शब्द. सरांनी चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

प्रश्न रास्त होता. तो मी स्वतःला रोज विचारते. मी म्हणाले, "तुमच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्चीवर पेपर टाकला होता, सर."

त्यांना आठवेना. खरंच आठवत नव्हतं, ते नाटक करत नव्हते. हे मला जास्त लागलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस, आणि त्यांच्यासाठी तो आठवण्यासारखा दिवसच नव्हता. मग ते मायेने बोलले, नेहमीसारखंच. "हे बघ बाळ, नातं लपवून तू ओळख पटवलीस. कोणी तक्रार केली तर सनदेचा प्रश्न येतो. मी कुठे बोलणार नाही. तूही बोलू नकोस."

मी फाइल त्यांच्या बाजूला सरकवली.

"मी बाई शोधणार नाही."

खाली रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, डबा वरच राहिला. आणायला गेले नाही.

मी त्याच कोर्टासाठी अर्ज लिहिलाय. ज्यांची घरं गेली त्यांचं कोणी ऐकलंच नाही, घराची मागणी याचिकेतून काढून टाकली गेली, दुसरा टप्पा कागदावरच आहे, हे सगळं त्यात आहे. वकील म्हणून नाही, त्या घरातली मुलगी म्हणून. बाररूममधले मित्र म्हणतात, वेडी आहेस, समोर सर उभे राहतील, दहा मिनिटांत उडवतील. उडवतील बहुतेक. सनदही जाईल कदाचित. आणि जिंकले तरी ते घर परत उभं राहणार नाही, शेवंतामावशी आईशी बोलणार नाही. हे मला कोणी समजावून सांगायला नको.

आईला विचारलं, पुन्हा एकदा शपथेवर सांगशील का? ती म्हणाली, "माझ्या बोलन्यानं घरं गेली. आता मी बोलनार नाय. तुझं तू बोल."

म्हणून शपथ मी घेणार. उद्या दाखल करतेय. पहिलं वाक्य असं आहे: मी शपथेवर सांगते की, त्या घरांत पाणी कुठवर येतं हे वकिलांना मी सांगितलं, आणि त्या घरांतल्या माणसांसाठी केलेली मागणी खोडलेलं पान मीच टाईप केलं. सरांचं नाव दुसऱ्या वाक्यात आहे.

एका मित्राने सुचवलं, निदान पहिलं वाक्य तरी काढ, स्वतःलाच कशाला अडकवतेस?

ते राहणार आहे.