रोशनीला विचारायचं राहिलं

“ताई, तुमचा पोरगा कुठल्या शालंत हाय?”

रोशनीच्या बाबांनी, किसनभाऊंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांना आमच्या शाळेत परीक्षा का नाही ते समजावत होते. भाषण चांगलं रंगात आलं होतं. तिथेच ब्रेक लागला.

“उल्हासनगरला,” मी म्हटलं. “मोठी शाळा आहे.”

“तिथं परीक्षा?”

“असते. दर महिन्याला.”

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. नुसतं “बरं” म्हणाले. त्या “बरं”ने माझा सगळा आठवडा खाल्ला.

आमची शाळा बदलापूरला, बेलवलीत, एका जुन्या बंगल्यात भरते. पहिली ते सातवी, मुलं मोजकी. आम्हाला कोणी मॅडम म्हणत नाही, ताई म्हणतात. मार्क नाहीत, नंबर नाहीत. मूल कुठे अडलं, कशात रमलं ते बघायचं आणि पालकांशी बोलायचं. याला होलिस्टिक, चाइल्ड-सेंटर्ड वगैरे म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर पोर्शन पळवायचा नाही, मुलाच्या चालीने चालायचं.

मी काही मोठं तत्त्वज्ञान वाचून इथे आले नाही. त्या उल्हासनगरच्याच शाळेत गणित शिकवायचे. वर्ग खचाखच भरलेला आणि डोक्यावर सिलॅबस. एकदा सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, पोरांच्या शंका सोडवत बसलात तर पोर्शन कधी संपणार?” मी राजीनामा दिला. नवरा म्हणाला, “तू खुशाल जा. पण पोराला तिथेच राहू दे. घरात एकाने तरी जमिनीवर राहावं.” आणि खरं सांगते, मला ते पटलं.

मी मोरिवलीची. वडील कंपनीत हेल्पर होते. दहावीत चांगले मार्क मिळवणाऱ्या पोरांचा आमच्या विहारात सत्कार व्हायचा. माझाही झाला. त्या मार्कांच्या जोरावर पुढे शिकले, बी.एड. केलं, नोकरी धरली. ‘मार्क म्हणजे सर्वस्व नाही’ असं म्हणताना मला आजही जीभ रेटावी लागते. मेधाताईंना, म्हणजे आमच्या हेडना, नाही रेटावी लागत. त्यांच्या घरी तीन पिढ्या शिकलेल्या.

किसनभाऊंचं म्हणणं सरळ होतं. ते वांगणीकडच्या वाडीत राहतात, अंबरनाथच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर कामाला जातात. मुलगी रोशनी आमच्याकडे पाचवीत. सहावीपासून घेणारी एक सरकारी निवासी शाळा आहे. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, पण एन्ट्रन्स द्यावी लागते. त्यात उत्तर लिहायचं नसतं. चार पर्यायांतल्या एकाचा गोल पेनाने काळा करायचा. त्यांना रोशनीला बसवायचं होतं. चान्स एकच. हुकला की वय निघून गेलं.

मी मेधाताईंकडे गेले.

“आपण क्लासेस चालवत नाही, वैशाली.”

“शाळा सुटल्यावर तासभर द्या. मी घेते.”

“प्रश्न तासाचा नाही. ती पोर जंगलफेरीत सगळ्यांची गुरू असते. झाडं, पाखरं, कंद, तिला काय येत नाही? तिला तू गोल काळे करायला बसवणार?”

जंगलफेरी म्हणजे आमचा शनिवार. मुलांना घेऊन बारवीच्या बाजूच्या डोंगरात जायचं. शाळेची शानच ती.

“मग सातवीनंतर तिचं काय?” मी विचारलं.

“बघू ना.”

“कोण बघणार? तुम्ही, मी, की तिचा बाप?”

माझा आवाज चढला होता. बाई वाईट नाहीत. वाडीतली मुलं शाळेत यावीत म्हणून टेम्पोवाल्याशी भांडणाऱ्या त्याच. पण त्या दिवशी त्या हटेनात आणि मी ऐकेना.

घरी आले तरी जिवाला चैन नाही. चहा घेताना मुलाला विचारलं, “तुला शाळा आवडते का रे?”

त्याने बिस्कीट हातातच धरलं. “का? मॅडमचा फोन आला?”

“नाही, सहज.”

“मग मी काय केलं?”

दुसऱ्यांच्या पोरांना मी हे रोज विचारते. याला आजवर कधी विचारलंच नव्हतं. लाज वाटली. आणि मग एकदम लक्षात आलं, रोशनीलाही कोणी विचारलेलं नाही. बापाने नाही, मेधाताईंनी नाही, मी तर नाहीच. वर आमची बालकेंद्री शाळा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला ऑफिसात बोलावलं. मेधाताईंनाही बसवलं.

“रोशनी, बाबांना वाटतं तू ती परीक्षा द्यावी. तुला काय वाटतं?”

तिने आधी मेधाताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “खरं सांगू?”

“सांग की.”

“मला जायाचंय.”

“तिकडेच राहावं लागेल हं,” मेधाताई म्हणाल्या. “घर नाही, आम्ही नाही. जंगलफेरी पण नाही.”

“मला जंगल नको, ताई. लाकडं मी रोज आणते. घरी गेली का पाणी, मग भाकरी, मग छोटूला बघा. शनिवारी शाळेत पण जंगलच. मला गणित करायचंय. बसून.”

दुसरी पोरं ‘आईस्क्रीम’ म्हणतात तशी ती ‘बसून’ म्हणाली.

मेधाताईंचा चेहरा उतरला. “पण फेरीत तू किती छान सांगतेस सगळं.”

“तुम्ही विचारता म्हणून.”

तयारी सुरू झाली आणि माझी खरी तारांबळ उडाली. पोर हुशार, पण घाई माहीतच नाही. एका प्रश्नावर ठाण मांडून बसायची. बरोबर उत्तर सापडलं तरी बाकीची तीन का चूक, ते हवं असायचं. ही सवय आम्हीच तिला लावलेली, कौतुक करकरून. आता मीच घड्याळ घेऊन तिच्या डोक्यावर उभी. “पुढे जा, रोशनी, सोड तो,” म्हणताना मला त्या सुपरवायझरचाच आवाज ऐकू यायचा. स्वतःचा राग यायचा.

शेवटी तीच म्हणाली, “ताई, घड्याळ माझ्याकडे द्या. तुम्ही सारखं बघता, मला कसंतरी होतं.” मी मनगटावरचं काढून दिलं. ते समोर ठेवून ती आपलं आपण ठरवायला लागली, कुठे थांबायचं आणि काय सोडायचं. सोडलेले प्रश्न मात्र नंतर सोडवल्याशिवाय घरी जायची नाही.

मधेच एक दिवस मेधाताईंनी त्या एन्ट्रन्सच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. “मला अजून पटलेलं नाही,” म्हणाल्या आणि गेल्या.

निवड यादीत रोशनीचं नाव लागलं. किसनभाऊ पेढे घेऊन आले. मेधाताईंना म्हणाले, “तुमची शाला लय चांगली हाय, ताई.”

“मग नेताय कशाला?” त्या हसत म्हणाल्या, पण डोळे भरले होते. माझेही.

दिवाळीच्या सुट्टीत रोशनी भेटायला आली. तब्येत सुधारली होती. मेधाताईंनी तिला जवळ बसवून घेतलं.

“कसं आहे तिकडे?”

“जेवण बरं आहे. शंका असली तर हात वर करून थांबावं लागतं. मी थांबते. मग विचारते.”

“आमची आठवण येते?”

“येते,” ती म्हणाली. “पण परत नाय यायचं.”

बी.एड.ला आणि नंतरच्या झाडून सगळ्या वर्कशॉपांत मला एकच शिकवलं, मुलाचं ऐका. ऐकल्यावर ते मूल आपल्यालाच सोडून जायचं म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.