मी सही केली नाही

ऐंशीनंतरची गोष्ट. रत्नागिरीहून एस.टी.नं तासाभरावर असलेल्या एका वाडीत मी बालवाडी चालवायचे. बहुतेक घरांतले बाप मुंबईला, मुलं आयांच्या हाताखाली वाढणारी.

एकदा तालुक्याहून पर्यवेक्षिका आल्या. मुलांची समज तपासायची होती. चार वर्षांच्या एका मुलीपुढे त्यांनी आगगाडीचं चित्र धरलं. "हे काय?"

मुलगी चित्राकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. मग सोफ्याचं चित्र, मग बर्फाच्या डोंगराचं. तिनं फ्रॉकचं टोक तोंडात घातलं.

"आपल्याकडे रूळच नाहीत हो," मी म्हटलं.

"चित्रात तरी बघितलेली असते. घरात पुस्तक नको?" म्हणत त्यांनी फॉर्म भरला. समज मंद. घरचे वातावरण निकृष्ट. "करा सही."

"आधी घर बघू या."

परतीच्या एस.टी.ला अवकाश होता, म्हणून त्या आल्या. मुलीची आई खळ्यात कुळीथ पाखडत होती. आम्हाला बघून गडबडीनं उठली, पदर सारखा केला. मुलगी मात्र सुपाशी जाऊन बसली आणि दाणे निवडायला लागली. तोंडही सुटलं.

"ह्यो नको. ह्याला भोक हाय, रुजनार नाय. ह्यो बियान्याचा. ह्यो खायाचा."

पर्यवेक्षिका वाकून बघत राहिल्या. "हिला शिकवलं कोणी?"

"शिकवतंय कोन, बाय? मला अक्षर येत नाय. काम करताना बोलत ऱ्हाते तिच्याशी. घरात दुसरं हाय कोन बोलायला?"

परतताना पायवाटेवर पर्यवेक्षिका म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, कबूल. पण फॉर्ममध्ये कुळथाचा रकाना नाही." त्यांनी फॉर्म समोर धरला, पेन माझ्या हातात दिलं.

"मग फॉर्म चुकलाय."

मानधनावरची बाई मी, वरिष्ठांपुढे असं बोलायची माझी टाप नव्हती. पण माझ्या आईलाही अक्षर येत नव्हतं. बांधावर बसवून तिनं मला प्रत्येक गवताचं नाव शिकवलं होतं, आणि अशा घराला कुणी निकृष्ट म्हटलेलं मी ऐकून घेणार नव्हते. मी पेन परत दिलं.

महिन्याभरात लेखी ताकीद आली. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. खुलासा मागवला होता. मी लिहिलं, 'मुलीच्या घरी जाऊन पाहिले. मत बदललेले नाही.' मैत्रिणी म्हणाल्या, माफी माग, काम जाईल. मागितली नाही. काम गेलं नाही, पण दुसऱ्या वर्षी माझी बालवाडी बदलली. रोज दोन मैल चढण चालावी लागायची. चालले.

ती मुलगी सहाव्या वर्षी, जूनमध्ये पहिलीत बसली. पहिल्याच आठवड्यात तिच्या गुरुजींचा मला निरोप आला, "तुमच्या बालवाडीतली ती पोरगी वर्गात फार बोलते, समजवा तिला."

मी उलट निरोप धाडला, "बोलू द्या."