किमोनोवाल्या पोरांचे बाप

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. सिंकखालच्या कपाटात सुपरमार्केटच्या पिशव्या साठतात तसे ते साठत जातात, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर येतात. आमच्याकडे हे दार नितीन उघडतो. जेवणं झाली की खुर्ची मागे सरकवून म्हणतो, "डॉक्टर, ती ड्रेसिंग गाऊनवाल्या बाईची गोष्ट सांग ना." एक सांगितली की मग सगळ्याच सांगाव्या लागतात.

आम्ही म्हणजे तीन बाप. खरं तर दोन बाप आणि एक आजोबा. मी मूळचा नागपूरचा, इकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. माणूस झोपवणं फार अवघड नसतं, तो परत उठेल ना या काळजीचा मला पगार मिळतो. ती काळजी मी हॉस्पिटलात ठेवून येत नाही, घरीही आणतो. नितीन पुण्याचा, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये, वर्क परमिटवर. आणि प्रभुणेकाका लंडनमधल्या ईलिंगचे रिटायर्ड जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आम्ही शाळेत होतो तेव्हा इकडे आलेले.

मंडळाच्या एका कार्यक्रमात आमची पोरं एकत्र आली आणि तिघांनाही जपानी कार्टूनचं वेड आहे असं निघालं. कार्टून म्हटलेलं त्यांना चालत नाही, अ‍ॅनिमे म्हणायचं. त्यातही यांना आवडायची ती सगळी किमोनोवाली पात्रं. लांबरुंद बाह्या, कमरेला पट्टा, पायात लाकडी चपला, हातात तलवार. वर्षातून दोन-तीनदा कुठल्यातरी हॉलमध्ये मेळावा भरायचा. पोरं त्या पात्रांचे कपडे घालून मिरवायची आणि आम्ही तिघं कँटीनमध्ये त्यांचे कोट आणि बॅगा सांभाळत बसायचो.

*

माझी काळजी मात्र किमोनोची नव्हती. माझी मुलगी इरा अकरा वर्षांची असताना आम्ही इकडे आलो, आणि शाळेत गेली त्या दिवसापासून ती घराबाहेर बोलायची बंद झाली. घरात चुरूचुरू बोलायची. दाराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. इंग्रजी लिहायची व्यवस्थित, पण तिला ते बोलता येतं की नाही हेच आम्हाला माहीत नव्हतं. दुकानात काही हवं असलं की माझी बाही ओढायची आणि मी विचारायचो.

पेरेंट्स इव्हनिंगला तिच्या टीचरने काळजीने विचारलं, हिला काही त्रास आहे का? मी घाईघाईने म्हणालो, "नो नो, शी इज जस्ट शाय." पुढची दोन वर्षं हे वाक्य मी शाळेत, लायब्ररीत, डेंटिस्टकडे, बसच्या ड्रायव्हरला, जिथे जाईन तिथे म्हटलं.

मनातून मात्र हादरलो होतो. आमच्या हॉस्पिटलात मुलांची सायकिअ‍ॅट्रिस्ट होती, एक आयरिश बाई. तिला कँटीनमध्ये गाठलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की माझ्या एका कलीगच्या ओळखीची एक मुलगी आहे, बाहेर अजिबात बोलत नाही, दिवसभर किमोनो घातलेल्या तलवारवाल्या मुलींची चित्रं काढते, तर हे कितपत सीरियस असावं? बाईने सूप संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमची मुलगी किती वर्षांची आहे, डॉक्टर?"

*

नितीनची तऱ्हा वेगळी. त्याचा मुलगा ओम म्हणाला, मेळाव्याला किमोनो पाहिजे. नितीनने किमोनोचं चित्र पाहिलं आणि म्हणाला, हा तर ड्रेसिंग गाऊन! सुपरमार्केटमधून निळा टॉवेलचा गाऊन आणला, कमरेला स्वतःची रेशमी शाल बांधली आणि पोराला आत सोडलं. जाताना सांगितलं, "कॉन्फिडन्सने चाल, कुणाला कळत नाही."

आत शिरल्याबरोबर ओमला कळलं की सगळ्यांना कळतंय. चारी बाजूंना रेशमी किमोनो आणि मधे हा अंघोळीहून आल्यासारखा. पोरगं रडवेलं झालं. नितीन कँटीनमध्ये नखं खात बसला होता. इतक्यात माईकवर ओमचं नाव पुकारलं. दुसरं बक्षीस! या मालिकांमध्ये म्हणे एक तरी भाग असा असतोच की सगळी पात्रं गरम पाण्याच्या झऱ्यावर अंघोळीला जातात. परीक्षकांना वाटलं, पोराने केवढा विचार केलाय.

आम्ही पाठ थोपटायला वळलो तर नितीन पांढराफटक. बक्षीस म्हणून गिफ्ट व्हाउचर मिळालं होतं. "डॉक्टर, वर्क परमिटवर ही वरकमाई चालते का रे?" सोमवारी त्याने खरोखर एचआरला विचारलं. एचआरच्या बाईने आधी बक्षीस कशाचं ते विचारलं आणि नितीनला इंग्रजीत ते सांगावं लागलं.

*

प्रभुणेकाकांची नात तारा इथेच जन्मलेली. ती एकदा गणपतीच्या आरतीनंतर काकांकडे टक लावून बघत बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा सोवळा मला पाहिजे. माझी कॅरेक्टर असाच पँट घालते."

हाकामा नावाची घेरदार, चुण्यांची विजार असते, ती तिला हवी होती. काकांचं जांभळं रेशमी सोवळं त्यांच्या लग्नातलं. काका म्हणाले, नाही. काकू म्हणाल्या, देऊन टाका हो, पोर कधी नव्हे ते सोवळं मागतेय. माझी बायको मेधा नऊवारी नेसवण्यात तरबेज, तिने त्याच्या अशा चुण्या घातल्या की जपानी माणसानेही मान डोलवावी. कापडाला कात्री लावली नाही, सगळं सेफ्टी पिनांवर.

मेळाव्यात तारा ते सोवळं नेसून ऐटीत फिरली आणि दुपारी त्याच सोवळ्यात आमच्या समोर बसून चिकन नूडल्स खाल्ल्या. काका बघत होते. वाटी कलंडली तेव्हाही बघतच होते. मी आपोआप त्यांची नाडी धरली.

पुढच्या गणपतीला डाग काही निघाले नव्हते, आणि निघाले असते तरी काकूंना चाललं नसतं. काका करड्या ट्राउझर्समध्ये पूजेला बसले. कुणीतरी विचारलंच. काका म्हणाले, "बाप्पाला मी सांगितलंय सगळं. त्यालाही दोन पोरं आहेत, त्याला कळेल."

त्याच दिवशी मी काकांना कोपऱ्यात घेऊन इराबद्दल विचारलं. इतकी वर्षं जीपी होते, काही औषध, काही उपाय? काका म्हणाले, "बोलेल हो ती. तुम्ही तिच्या वाटचं बोलणं जरा कमी करून बघा." मला ते मुळीच आवडलं नाही.

*

आता ती गाऊनवाली बाई. मेधाने इरासाठी स्वतःची अंजिरी नारायणपेठी कापली आणि किमोनो शिवला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो, मेधाला काही नाही. काठ बाह्यांना आला, पदराचा कमरपट्टा झाला. पहिल्यांदा घालून बघताना मेधाच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून इराला तो गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. मी गुंडाळला. इरा किंचाळली, "बाबा! उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची असते!"

जपानमध्ये जिवंत माणसाची डावी बाजू वर आणि प्रेताची उजवी. मी ताबडतोब सोडून उलटं गुंडाळलं, देवाला नमस्कार केला आणि इराला त्या दिवशी रस्ता ओलांडताना हात धरायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरबाहेर पहिली पेशंट, गुडघ्याच्या ऑपरेशनची एक इंग्रज आजी. व्हीलचेअरवर बसलेली, अंगात गुलाबी ड्रेसिंग गाऊन. उजवी बाजू वर! इकडे बायकांचे कपडे असेच असतात हे मला माहीत आहे. मी स्वतःला समजावलं की तू एमडी आहेस. दोन पावलं पुढे गेलो, परत आलो आणि तिला म्हणालो, तुमचा गाऊन जरा सोडून डावी बाजू वर घ्याल का?

बाईने काही कुरकुर न करता घेतली. मग विचारलं, "हे भुलीसाठी असतं का, डॉक्टर?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी लिस्टवरच्या सगळ्या बायकांना ते करावं लागलं आणि सगळ्या छान उठल्या. नर्सने मात्र मला विचारलं, हे नवीन गाइडलाइन आहे का?

*

त्या शरदातल्या मेळाव्यात मुलांनी स्टेजवर जाऊन आपल्या पात्राचं एक वाक्य म्हणायचं असा नियम होता. मी आठवडाभर झोपलो नाही. शेवटी आयोजकाला फोन केला. निळ्या केसांचा एक विशीतला पोरगा, काउंटरवर बघितला होता त्याला. म्हटलं, माझ्या मुलीला बोलायला लावू नका, शी इज जस्ट शाय.

त्याने विचारलं, ती कोण होणार आहे? मी अडखळत नाव सांगितलं. तो हसला. ते पात्र म्हणे सबंध मालिकेत एक शब्द बोलत नाही. नुसतं तलवार घेऊन उभं राहतं आणि लोक वाटेतून बाजूला होतात. "तिला काही बोलायचंच नाहीये," तो म्हणाला, "शी इज परफेक्ट."

इरा इथे आल्यापासून तिच्याबद्दल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. फोन ठेवला. मग नवी काळजी सुरू झाली. तिने मुद्दाम मुकं पात्र निवडलं असेल, तर ही आता कधीच बोलायची नाही.

*

त्याच मेळाव्याच्या दिवशी सकाळी आमची गाडी सुरू होईना. ट्रेनने बर्मिंगहॅमला जायचं ठरलं. आणि ते वर्ष असं, की जुलैमध्ये लंडनच्या ट्यूबमध्ये, भुयारी रेल्वेत, स्फोट झालेले. आपल्या रंगाच्या माणसाने पाठीवर बॅग घेतली की शेजारचा उठून डबा बदलायचा. माझ्या हातात तर तलवार होती. लाकडीच, जुन्या पलंगाची फळी तासून मीच केलेली, पण होती चांगली लांब, आणि मेधाने ती रजईच्या खोळीत गुंडाळून सुतळीने बांधून दिली होती.

मी नितीनला फोन केला. तो म्हणाला, पासपोर्ट जवळ ठेव. काकांना केला. ते म्हणाले, सूट-टाय घाला, आपल्याकडे बघायची नजर बदलते. मी दोन्ही केलं. त्यामुळे कॉव्हेंट्री स्टेशनवर मी असा उभा होतो: काळा सूट, टाय, कपाळावर घाम, सारखा हात खिशातल्या पासपोर्टवर आणि काखेत ते लांबलचक बोचकं. इरा अंजिरी किमोनोत पलीकडे चॉकलेटच्या मशीनपाशी होती.

दोन पोलीस सरळ माझ्याकडेच आले. एकाने अदबीने विचारलं, यात काय आहे सर?

ऑपरेशन टेबलवर पेशंटचं हृदय थांबलेलं असताना मी शांत आवाजात सूचना दिलेल्या आहेत. इथे मला एक शब्द सुचेना. लाकूड, मुलगी, कार्टून, सगळं डोक्यात होतं, जिभेवर काही येईना. पोलिसाने पुन्हा विचारलं, जरा हळू आणि जरा मोठ्याने. दुसरा दोन पावलं मागे सरकला आणि खांद्यावरच्या रेडिओवर त्याचा हात गेला. प्लॅटफॉर्मवरचे लोक थांबून बघायला लागले. मला वाटलं, हात वर करावेत, पण हात वर केले तर बोचकं पडेल आणि आवाज होईल.

तेवढ्यात मागून लाकडी चपलांची खटखट ऐकू आली. इरा आमच्या मधे येऊन उभी राहिली. डावी बाजू वर, पट्टा घट्ट, मान ताठ.

"इट्स अ सोर्ड," ती म्हणाली. "इट्स ओन्ली वुड. इट्स माइन."

मग तिने सगळं सांगितलं. मेळावा कुठे आहे, किती वाजता आहे, आपलं पात्र कुठलं, तलवार पलंगाच्या फळीची कशी, सुतळी सोडून दाखवू का. अस्सल कॉव्हेंट्रीच्या उच्चारात, न अडखळता, पोलिसाच्या डोळ्यांत बघून. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी पोलिसांकडे बघायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिलो.

पोलिसाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने बोचकं चाचपलं, मान डोलावली, आणि माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, यांना इंग्रजी येत नाही का?

इराने वर माझ्याकडे पाहिलं. मग माझी बाही धरली आणि पोलिसाला म्हणाली, "ही डझ. ही इज जस्ट शाय."