उघडी पट्टी

आमच्या जॉर्जियातल्या गावात घर विकायचं तर वाळवी तपासणाऱ्या व्हर्जिल ट्यूटनकडून ती नसल्याचा कागद घ्यावा लागतो. माणूस खरा, पण जीभ करवतीची. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसत नाही आणि त्याला ते ऐसपैस वाटतं. काँक्रीटच्या पायाला थंडी अडवायला बाहेरून फोम लावलेल्या प्रत्येक लाकडी घरी तो बजावतो, की फोमच्या वर वीतभर काँक्रीट उघडं ठेवा. वाळवी फोम पोखरत वर चढली, तर तिची मातीची नळी तिथंच दिसते.

विधवा ओलेटा क्रॉसबीला ती पट्टी बघवत नव्हती. "झग्याखालून परकर दिसावा तसं वाटतं," असं त्यालाच सुनावून चार वर्षांपूर्वी तिनं पट्टीवर गुलाबी गिलावा करून घेतला. परवा ती घर विकून मुलीजवळ राहायला निघाली होती. गिऱ्हाईक अंगणात उभं होतं.

व्हर्जिलनं गिलाव्याचा टवका उडवला आणि स्क्रूड्रायव्हर तिच्याच हातात दिला. "ओलेटाबाई, वरच्या लाकडात खुपसा."

"मी कशाला?"

"परकर तुमचा आहे."

तिनं नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. पांढरी वाळवी तिच्या मनगटावर सांडली. गिऱ्हाईक गाडीत जाऊन बसलं.

"व्हर्जिल, काहीच करता येणार नाही का रे?" तिनं कसंबसं विचारलं.

"येईल की," कागदावर फुली मारत तो म्हणाला. "लेकीला फोन करा. येत नाही म्हणून सांगा."